मागचा भार, पुढचा भार
घाटातून गाडीवर गाडी नेताना

चोर्ल्याचा रस्ता आपल्याकडच्या कुटुंबांना नवा नाही. कुणाची बहीण डिचोलीत दिलेली, कुणाची आत्या साखळीत, कुणाचं आजोळ पेडण्यात. जांबोटी मागे पडली, कणकुंबीच्या माउलीला गाडीतूनच हात जोडले, की मागच्या सीटवरून प्रश्न सुरू होतात, "घाट कधी येणार?" घाट येतो, कान बंद होतात, कुणाला मळमळतं, आणि खाली केरीला अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

याच रस्त्यावर अलीकडे अधूनमधून एक दृश्य दिसतं. पुढे एक दणकट जीप, तिला जोडलेला ट्रेलर आणि ट्रेलरवर पट्ट्यांनी बांधलेली, अंगावर आकडे रंगवलेली मोटार. पाहणारा हमखास म्हणतो, "बंद पडली वाटतं बिचारी!" पण ती बंद पडलेली नसते. उलट, ती तुमच्याआमच्या गाडीपेक्षा जास्त पळणारी असते. फक्त तिची जागा रस्त्यावर नसते, शर्यतीच्या ट्रॅकवर असते.

माझा भाचा या वेडातला. ताईचं घर डिचोलीत, माझं बेळगावात. त्यामुळे त्याची स्वारी घाट चढून आली की मुक्काम आमच्याकडे ठरलेला. त्याच्या नादाने मीही ट्रेलर या प्रकाराकडे पाहू लागलो. पण त्यामागचं शहाणपण मला शिकवलं ते जांबोटी रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. ते सांगण्यासाठीच हा लेख.

ट्रॅकची गाडी रस्त्यावर का नाही?

ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी आतून पाहिली तर घरातल्या बायका म्हणतील, "याला गाडी कोण म्हणेल?" मागची सीट काढलेली, कार्पेट नाही, रेडिओ नाही. चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून तो असतो. टायर वेगळे, सायलेन्सर वेगळा, सस्पेन्शन खाली बसवलेलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ज्या स्वरूपात गाडी मान्य करून घेतली आणि जी नोंद आर.सी.वर आहे, त्यात मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणजे पिंजरा घातलेली, टायर बदललेली गाडी नंबरप्लेट आहे म्हणून रस्त्यावरून हाकत न्यायची सोय नाही. तिला उचलूनच न्यावं लागतं.

गोव्यात गो-कार्टचे छोटे ट्रॅक आहेत. पण मोठ्या मोटारींच्या शर्यतीसाठी जावं लागतं ते कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. डिचोलीचा मुलगा निघाला की आधी चोर्ला चढायचा, बेळगावला यायचं, मग हुबळी, बंगळूरचा हमरस्ता. येताना तेच उलटं, आणि शेवटी थकल्या अंगाने घाट उतरायचा. पावसाळ्यात उलट दिशेनेही वर्दळ असते. २०१४ पासून गोव्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही चिखलातली जीपशर्यत सुरू झाली. तिच्यासाठी देशभरातून फेरफार केलेल्या जीपगाड्या ट्रक आणि ट्रेलरवरून गोव्यात उतरल्या. तेव्हा हा विषय दोनचार हौशी पोरांपुरता राहिलेला नाही. घाटात त्यांच्या मागेपुढे आपल्याच कुटुंबाच्या गाड्या असतात.

जांबोटीच्या अलीकडे

त्या वेळी भाचा कोइम्बतूरहून परतत होता. जुनी एस्टीम ट्रेलरवर, ट्रेलर मित्राचा, रीतसर नोंदणी केलेला. हजार किलोमीटर काही त्रास नव्हता. बेळगावात एक दिवस थांबून त्याने गाडी खाली उतरवली, उद्यमबागेत काहीतरी जोडकाम करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा चढवायची, तर इंजिन सुरूच होईना. चौघांनी ढकलली. गल्लीची तोंडं अशी, की ती पाठमोरीच चढली. "असू दे मामा, चाकं तर जागेवर बसली ना!" तो म्हणाला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईकडे जायचंच होतं, म्हणून मीही पुढे बसलो.

बेळगाव सुटलं. जांबोटीच्या अलीकडे एक लांब, सौम्य उतार लागला. वेग साठीच्या आसपास असेल. मागून कुणीतरी शेपूट धरून हलवावं तशी आमची जीप डावी-उजवीकडे झुलू लागली. आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या. भाच्याने ब्रेक दाबला, तर झुलणं वाढलं. समोरून एस.टी. येत होती. त्या पाचसहा सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर ताईचा चेहरा आला. पोराचं नशीब आणि त्याचं भान, दोन्ही जागेवर होतं. त्याने पाय ब्रेकवरून काढला, अ‍ॅक्सिलरेटरलाही हात लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. एस.टी. निघून गेली. वेग उतरला, तसं झुलणं थांबलं.

पुढच्या चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. कुणी बोलत नव्हतं. बाकावर बसलेले एक आजोबा उठले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, दांडीवर हाताने जोर देऊन पाहिला आणि भाच्याला म्हणाले, "तम्मा, हिंद भार जास्ती आगेति नोडु."

भाच्याला कन्नड येत नाही. मी सांगितलं, "अरे, मागे भार जास्त झालाय म्हणतात."

आजोबांनी मग अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत खुलासा केला. चक्कडीत उसाच्या मोळ्या मागे जास्त भरल्या की नोग, म्हणजे आपलं जू, बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. बैल बिचकतात, गाडी रस्ताभर फिरते. पुढे फार भरलं तर बैलांच्या माना मोडतात. शहाणा गाडीवान भार आखाच्या किंचित पुढे ठेवतो. जू मानेवर टेकलेलं हवं, पण मान वाकलेली नको.

गाडी पाठमोरी चढवल्याने एस्टीमचं इंजिन, म्हणजे तिचा सगळ्यात जड भाग, ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं होतं. आपल्या जुन्या मराठीत याला सुंदर शब्द आहे, उलाळ. गाडी उलाळ झाली होती.

उलाळीचं गणित

हे गणित सोपं आहे, आणि ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावं असं आहे.

समजा ट्रेलर ५०० किलोचा आणि त्यावरची मोटार ९०० किलोची. एकूण १,४०० किलो. यातला बहुतेक भार ट्रेलरच्या चाकांवर जातो. थोडासा दांडीवरून पुढच्या गाडीच्या हुकावर यावा लागतो. अमेरिकेत हा हुकावरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवावा असा प्रघात आहे. युरोपात गाड्या लहान, वेग कमी, म्हणून तिथे त्याहून कमी चालतो. १० टक्के धरले तर आपल्या उदाहरणात तो १४० किलो झाला.

आता हुकापासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंत १२ फूट अंतर आहे असं धरा. ९०० किलोची मोटार एक फूट पुढे सरकवली, तर हुकावरचा भार ९०० भागिले १२, म्हणजे ७५ किलोने वाढतो. एक फूट मागे नेली तर तितकाच कमी होतो. एका फुटाला ७५ किलो! पुढे इंजिन असलेल्या मोटारीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. ती पाठमोरी चढवली की चाकं त्याच खाचांत बसूनही वजनाचा मध्य सुमारे दीड फूट मागे जातो. म्हणजे हुकावरचे शंभरावर किलो गायब. आमच्या ट्रेलरचं नेमकं हेच झालं होतं.

हुकावर भार नसला की ट्रेलरला पुढची गाडी धरून ठेवत नाही. वाऱ्याचा झोत, खड्डा, मागून ओलांडणारी बस, कशानेही तो झुलू लागतो. वेग वाढेल तसं झुलणं वाढतं. उतारावर तर पुढच्या गाडीने ब्रेक लावताच मागचं वजन तिला ढकलतं आणि दांडी कोन करू लागते. म्हणून झुलत असताना जोराचा ब्रेक नको, उलटसुलट स्टिअरिंग नको, वेग वाढवून "ओढून सरळ करू" हा शहाणपणा तर मुळीच नको. पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. मग थांबून भार तपासायचा. तो न तपासता पुन्हा निघणं म्हणजे तोच प्रसंग घाटात ओढवून घेणं.

आम्ही टपरीवरच गाडी उतरवून तोंड पुढे करून पुन्हा चढवली. आजोबांनी दांडीवर हात दाबून मान डोलावली. पुढे थेट डिचोलीपर्यंत ट्रेलर सावलीसारखा मागे आला.

वजनकाट्यावर दहा मिनिटं

अंदाज गाडीवानाला शोभतो, आपल्याला नाही. त्याने आयुष्यभर जू बघितलेलं असतं. आपल्याकडे वजनकाटे काही कमी नाहीत. उद्यमबागेत आहेत, साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर आहेत. आधी भरलेला ट्रेलर सुटा करून पूर्ण काट्यावर ठेवा आणि एकूण वजन घ्या. मग ट्रेलरची फक्त मोठी चाकं काट्यावर राहतील आणि दांडीचा टेकू काट्याबाहेर जमिनीवर येईल असं ठेवून पुन्हा वजन घ्या. दोन्हींतला फरक हा हुकावरचा भार. काटा किती किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो तेही विचारून घ्या.

एकदा योग्य जागा सापडली की ट्रेलरवर रंगाने खूण करून ठेवावी. "चाक इथे, तोंड पुढे." ही एक रेघ त्या पहाटे ट्रेलरवर असती, तर आमची ती पाचसहा सेकंदं वाचली असती.

पुढची गाडी किती वजन ओढू शकते, हुकावर किती भार झेलते, हे तिच्या मॅन्युअलमध्ये पाहावं. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हा आकडा दिलेलाच नसतो. आकडा नसेल तर तो शून्य समजावा. "इंजिनात दम आहे" हे उत्तर चढाला चालतं, उताराला नाही.

चढ इंजिन जिंकतं, उतार ब्रेक

चोर्ला उतरताना आपण सुमारे सातशे मीटर खाली येतो. जीप, माणसं, ट्रेलर आणि मोटार मिळून ३,३०० किलो धरले, तर या उतारात जेवढी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर सुमारे ७० लिटर गार पाण्याला आधण येईल! ही उष्णता कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर ढकलली की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, ऑईल उकळू लागतं आणि पेडल खाली जातं, पण गाडी थांबत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर." हे ट्रेलरला दुप्पट लागू आहे. घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकायचा. वळणावर पोचल्यावर नाही. इंजिनाला गाडी धरू द्यायची आणि ब्रेक सतत टेकवून ठेवण्याऐवजी थोडा थोडा, सोडून सोडून लावायचा. कणकुंबीला पाच मिनिटं थांबून चाकांच्या बशांजवळ हात नेऊन पाहावा. हात लावू नका, नुसती धग जाणवते. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला बेअरिंग किंवा ब्रेक बिघडला आहे असं समजावं.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलर बिनब्रेकचा चालत नाही. मोटार वाहणारा ट्रेलर त्याच्या दुप्पट जड असतो. काही ट्रेलरमध्ये पुढच्या गाडीला ढकललं की आपोआप लागणारा ब्रेक असतो. सपाटीवर तो छान काम करतो, पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असतो, म्हणून तो ब्रेकही सतत लागून तापतो. तिथेही उपाय तोच, खालचा गिअर आणि सावकाश उतरणं.

डिचोली आणि सत्तरीच्या टिपरवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. २०१२ ची खाणबंदी आणि नंतर २०१८ ची बंदी येण्यापूर्वी खनिजाचे टिपर त्या रस्त्यांवरून रांगेने धावत. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात, हे त्या भागातल्या चालकाच्या पायाला ठाऊक असतं. हौशी पोरांनी त्यांच्याशेजारी एक दिवस बसून पाहावं.

पट्टे, साखळ्या आणि दिवे

मोटार बांधायला रॅचेटचे रुंद पट्टे वापरावेत, चार कोपऱ्यांना चार. पुढचे पट्टे पुढे ओढणारे, मागचे मागे ओढणारे. नायलॉनचा दोर ओला झाला की ताणतो, गाठ सैल पडते. आपल्या पावसात तर खेळच खलास. पट्टा लोखंडी कडेवरून जात असेल तर खाली जाड कापड किंवा रबर द्यावं, नाहीतर तो घासून तुटतो. मोटार पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे लाकडी पाचरी. दहापंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण मोटार तिच्या स्प्रिंगांवर बसत जाते आणि पट्टे ढिले होतात.

हुकाशिवाय दोन साखळ्या दांडीखालून तिरक्या, एकमेकींना छेदून बांधाव्यात. हूक निसटला तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. ट्रेलरचे ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि लाल परावर्तक पट्ट्या आंबोली-चोर्ल्याच्या धुक्यात जीव वाचवतात. निघण्यापूर्वी एकाने मागे उभं राहून "डावा... उजवा... ब्रेक" असं ओरडून तपासावं. हे काम घरातलं लहान मूलसुद्धा आनंदाने करतं.

ट्रेलरवरच्या मोटारीत कुणीही बसू नये. "मी आत झोपतो, मागचं सामान बघतो" ही सबब ऐकू नका. आणि घाटात थांबलात तर चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाका. तुमचा आधार मागच्या दुचाकीवाल्याचा घात होऊ नये.

कागद दोन गाड्यांचे

"ट्रेलर काय, चार दिवसांत वेल्डिंग करून देतो!" उद्यमबागेतल्या हातांना हे जड नाही, याबद्दल शंका नसावी. पण लोखंड उभं राहिलं म्हणजे ट्रेलर झाला असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतच 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलर धरलेला आहे. इंजिन नसलं तरी कायद्याच्या लेखी ती स्वतंत्र गाडी आहे. तिला स्वतःची नोंदणी हवी, विमा हवा. म्हणून मान्यताप्राप्त बनावटीचा, नोंदणी होऊ शकेल असाच ट्रेलर घ्यावा, आधी आर.टी.ओ.त चौकशी, मग पैसे. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही दिसला पाहिजे. नाहीतर के.ए. २२ ची जीप आणि मागे बिननंबरी लोखंड अशी वरात साखळीच्या नाक्यावर अडकते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात दंडही भारी आहेत. नोंदणी नसलेलं वाहन चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, भार बाजूला किंवा मागेपुढे बाहेर आल्यास २०,००० रुपये. ट्रेलरची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. परवान्याचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाचा परवाना त्याच वजनाच्या मालवाहू वाहनालाही चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

विमा कंपनीला "मी या गाडीला ट्रेलर जोडणार आहे" हे लेखी कळवावं. नेहमीच्या पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी ओढण्याची मुभा असते, पण ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्यात नसते. शिवाय ट्रॅकची गाडी बंद पडलेली नसतेच! सोबत मोटारीची खरेदीची पावती, आर.सी. असेल तर तिची प्रत आणि स्पर्धेच्या आयोजकांचं पत्र ठेवावं. भाड्याच्या वाहनावर गाडी 'माल' म्हणून जात असेल तर ई-वे बिलाबद्दल वाहतूकदाराला आधीच विचारावं. राज्याची हद्द ओलांडताना "तो कागद घरी राहिला" हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही.

दोराने ओढण्याचा नियम वेगळा. १९८९ च्या नियमांत बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायची परवानगी होती, तीही दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा, 'ऑन टो' अशी ७५ मिलिमीटर उंच अक्षरांची पाटी हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा, या अटींवर. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी ते नियम बदलले, पण त्यांतलं शहाणपण शिळं झालेलं नाही. घाटात मात्र दोर काढूच नका. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक लाकडासारखा कठीण होतो. ११२ ला फोन करा, क्रेन मागवा, वाट पाहा.

कोणता घाट, कोणता दिवस

डिचोलीला जायचं तर बेळगावहून चोर्ला, केरी, साखळी हा जवळचा रस्ता. पेडण्याला जायचं तर आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक पत्रादेवीला आहे. तिथे घटकाभर थांबावं, पट्टेही तपासून होतात. अनमोडचा रस्ता लांबचा, पण मोठ्या वाहनांच्या सवयीचा. तिलारी घाट नकाशावर मोहक दिसतो, पण तिथली तीव्र वळणं ट्रेलरसाठी नाहीत. वळणावर ट्रेलरची चाकं पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. दरीकडच्या कठड्याशी किंवा डोंगराकडच्या गटाराशी त्यांची गाठ पडते. म्हणून वळण रुंद घ्यावं, समोरच्याला आधी जाऊ द्यावं.

पावसाळ्यात घाटांत अवजड वाहनांना बंदी येते, दरडी पडतात; आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावं. रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी माणसांची जत्रा असते, तेव्हा तिथे ट्रेलर नेऊ नये. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराईची जत्रा आणि कोजागिरीला पेडण्याची पुनव, या दिवशी त्या त्या तालुक्यातले रस्ते देवाचे आणि भाविकांचे असतात. आपली हौस एक दिवस पुढे ढकलावी.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. वर्षातून एकदोनदाच गाडी न्यायची असेल तर स्वतःच्या ट्रेलरच्या फंदात न पडता फ्लॅटबेड ट्रक भाड्याने घेणं सर्वांत शहाणपणाचं. एकच वाहन, एकच ब्रेक, उलाळ नाही, मागे झुलणारं काही नाही, आणि सवयीचा चालक. मुलाच्या हौसेला आईवडिलांनी पैसे द्यायचेच असतील तर ते आधी इथे द्यावेत.

त्या दिवशी डिचोलीला पोचलो तेव्हा ताईने दारातच विचारलं, "उशीर का झाला रे?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "गाडी उलटी चढवली होती आई, चूक माझी. आता रेघ मारून ठेवणार." दाजी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, ट्रेलरपाशी गेले आणि आजोबांसारखाच दांडीवर हात ठेवून त्यांनी जोर देऊन पाहिला. त्या आठवड्यात बापलेकांनी मिळून ट्रेलरवर पांढरी रेघ मारली.

आपल्या सीमाभागातल्या घाटांच्या पाट्यांवर दोन्ही भाषांत एकच गोष्ट लिहिलेली असते. 'वाहने सावकाश हाका', 'निधानवागि चलिसि'. जांबोटीच्या त्या आजोबांनी निघताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं, "सावकाश होग्री." ट्रेलर जोडला असेल तर त्याच्या आधी आणखी एक गोष्ट करायची. दांडीवर हात ठेवून जू नीट बसलंय ना, ते पाहायचं.